एक चूल, एक वही
(धाटाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



तंगीच्या काळात एकत्र कसे राहावे, यावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. मी मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक. अर्थशास्त्र जाणत नाही. घरचेच सांगतो.

माझे थोरले बंधू लालबागला गिरणीत होते. एका खोलीत आपल्या रोहे तालुक्यातील चौदा जण राहत. पाळ्या तीन, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. जेवण खानावळीत. (अशा खानावळी चालविणाऱ्या भगिनींना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, हेही ध्यानात असावे.) खोलीचे भाडे समान वाटले जाई. कोणी बेकार झाला तर त्याचा वाटा माफ होत नसे, वहीत बाकी लिहिला जाई. मला हा नियम निष्ठुर वाटे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दादा गावी परतले, मनीऑर्डर थांबली आणि माझ्या एका पगारावर नऊ माणसे आली.

मी मोठेपणाने म्हणालो, "दादा, हिशेब मनात आणू नका." बोललो खरे; पण कपाटाची किल्ली माझ्या कनवटीला. वहिनींना मिठातेलासाठीही धाकट्या दिरापुढे उभे राहावे लागे. हे मला दिसत नव्हते असे नाही. आवडत होते, असेच आज कबूल केले पाहिजे.

ऐन आषाढात दादांनी वेगळी चूल मागितली. मी संतापलो. आई एवढेच म्हणाली, "त्याला बाकी लिहू दे."

दादांनी वही घातली. एका बाजूस माझे पैसे. दुसऱ्या बाजूस, गावच्या मजुरीच्या दराने, वहिनींनी केलेली आमच्या शेताची लावणी. तोवर ती मी कधी मोजलीच नव्हती. मी खजील झालो. त्या दिवसापासून पगार फळीवरच्या उघड्या डब्यात राहू लागला. घेणाऱ्याने वहीत लिहावे, विचारू नये.

दादा पुढे येथील औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर लागले. उरलेली बाकी त्यांनी चार वर्षांत फेडली. सख्ख्या भावाकडून पैसे घेतले म्हणून काहींनी मला नावे ठेवली. परंतु ते परत केले असते, तर किल्ली पुन्हा माझ्याच कनवटीला आली असती.

२०२० च्या टाळेबंदीत पुतण्याचे काम गेले. तो मुलाबाळांसह घरी आला. पिशव्या ओटीवर ठेवताच त्याने विचारले, "काका, वही कुठे आहे?"