हजेरीचा हिशेब आणि ग्रेडचा अर्थ
(डिझाइन आणि उपयोजित कलेच्या पदवीला नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, मी डिझायनर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माझं रोजचं काम डिझायनरबरोबरच चालतं. त्यांनी आखलेली स्क्रीन आम्ही कोडमध्ये उतरवतो. नवीन मुलं घ्यायची असली की त्यांचे पोर्टफोलिओ बघायला मलाही बसवतात. तेव्हा कॉलेजात लागलेल्या किंवा न लागलेल्या सवयी नोकरीत कशा दिसतात, हे मी जवळून पाहतो. आज त्याच सवयींबद्दल बोलायचं आहे: हजेरी, गुण आणि वर्तन.

विषय रुक्ष वाटेल. पण आपल्या वस्त्यांतून या क्षेत्रात येणाऱ्या मुलांचं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. हात चांगला असतो. कुणी लहानपणापासून साइनबोर्डच्या दुकानात अक्षरं रंगवलेली असतात, कुणी लग्नाच्या पत्रिका जुळवलेल्या असतात, कुणी फ्लेक्सच्या दुकानात रात्री बारापर्यंत कोरल ड्रॉ चालवलेलं असतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला चांगली ग्रेड असते. आणि मग दुसऱ्या वर्षाला कळतं की हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता येणार नाही. अशा वेळी घरात वर्षाची फी गेल्याचं दुःख असतंच, शिवाय "चित्रं काढून कुणाचं भलं झालंय?" हे वाक्यही ऐकावं लागतं. हे टाळता येतं. त्यासाठी थोडा हिशेब यायला हवा.

आधी हजेरी. मुंबई विद्यापीठासह बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची अट आहे. एका सत्रात साधारण ९० दिवस शिकवणं होतं असं धरा. २५ टक्के म्हणजे २२ दिवस. ऐकायला भरपूर वाटतात. पण ताप, घरातलं लग्न, गावाला जाणं, लोकल बंद पडणं हे सगळं त्याच २२ दिवसांत बसवायचं आहे. दुकानावरच्या गर्दीच्या दिवसांसाठी त्यात जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट, ही ७५ टक्के सगळ्या विषयांची मिळून मोजतात की प्रत्येक विषयाची वेगळी, ते पहिल्याच आठवड्यात विचारा. कारण आपल्यापैकी अनेकांचा प्रश्न शुक्रवारचा असतो. समजा, टायपोग्राफीचे आठवड्याला चार तास आहेत आणि त्यातले दोन शुक्रवारी दुपारी आहेत. सत्राचे १५ आठवडे धरले तर एकूण ६० तास झाले. तुम्ही जुम्याला गेलात आणि दर शुक्रवारी एकच तास बुडाला, तर १५ तास गेले, ४५ उरले. बरोबर ७५ टक्के. म्हणजे त्या विषयात आजारी पडायलासुद्धा सवलत राहिली नाही. दोन्ही तास बुडाले तर हजेरी ५० टक्क्यांवर येते. आणि बाकी सगळ्या विषयांत तुम्ही शंभर टक्के हजर असता.

यावर उपाय आहे, पण तो जूनमध्ये करायचा असतो, ऑक्टोबरमध्ये नाही. वेळापत्रक हातात आलं की शुक्रवारचा रकाना आधी बघा. जवळच्या मशिदींच्या जमातीच्या वेळा बघा. शहरांत काही ठिकाणी वेगवेगळ्या वेळी जमात असते. त्यातली कुठली मधल्या सुट्टीत बसते का ते पाहा. बसत नसेल तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या: अमुक तास बुडेल, त्याबदल्यात दुसऱ्या बॅचबरोबर बसू द्यावं किंवा तेवढं काम वेगळं करून द्यायला तयार आहे. अर्जाची पोच घ्या. शिक्षकांना न सांगता गायब होणारा विद्यार्थी आणि आधी सांगून भरपाईची तयारी दाखवणारा विद्यार्थी, यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते. हे नोकरीतही तसंच आहे. माझ्या टीममध्ये सुट्टी कुणी किती घेतली यावरून भांडण होत नाही, न सांगता घेतल्यावरून होतं.

रमजानचंही असंच. तो दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. तुमच्या चार वर्षांत तो कधी सबमिशनवर येईल, कधी परीक्षेवर, हे आजच कॅलेंडर उघडून पाहता येतं. रोज्यात रात्रभर जागून फायनल काढायची वेळ येऊ नये, म्हणून रफ आधी उरकायचे. कॉलेजने तारीख बदलावी ही अपेक्षा धरण्यापेक्षा आपलं काम दहा दिवस अलीकडे ओढणं आपल्या हातात आहे.

दुकानात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. घरची गरज मला समजते, काम सोडा असं मी म्हणणार नाही. पण मालकाला सांगा की सोमवार ते शुक्रवार संध्याकाळनंतरच येईन. शिष्यवृत्ती घेत असाल तर महाडीबीटीवरच्या तुमच्या योजनेची हजेरीची अट वाचून ठेवा. दुकानात मिळालेले दिवसाचे चारशे-पाचशे रुपये आणि हजेरीअभावी अडकलेली शिष्यवृत्ती, हा सौदा एकदा कागदावर मांडून बघा. अब्बा-अम्मीलाही दाखवा. त्यांना डिझाइन कळत नसेल, हिशेब कळतो.

आता गुण. यूजीसीच्या चौकटीत दहा गुणांची श्रेणी आहे: 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' ९, 'ए' ८, 'बी प्लस' ७, 'बी' ६, 'सी' ५, 'पी' म्हणजे पास ४, आणि 'एफ' म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाला श्रेयांक म्हणजे क्रेडिट असतात. व्याख्यानाचं एक क्रेडिट साधारण १५ तासांचं, स्टुडिओ किंवा प्रात्यक्षिकाचं ३० तासांचं. म्हणजे चार क्रेडिटचा स्टुडिओ विषय १२० तासांचा झाला. यावरूनच कळतं की तिथे हजेरीला एवढं महत्त्व का आहे. स्टुडिओत शिकणं हे शेजाऱ्याचं काम बघण्यात, सरांनी तिसऱ्याच्या टेबलाशी उभं राहून सांगितलेलं ऐकण्यात असतं. त्याच्या नोट्स मागून मिळत नाहीत.

सत्राची सरासरी काढायची तर प्रत्येक विषयाचे ग्रेड गुण त्याच्या क्रेडिटने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. उदाहरण घ्या. चार क्रेडिटच्या विषयात ८, दुसऱ्या चार क्रेडिटच्या विषयात ७, आणि दोन क्रेडिटच्या कलेच्या इतिहासात तुम्ही नापास. ३२ अधिक २८ अधिक शून्य, भागिले १०. सरासरी ६. तोच इतिहासाचा पेपर नुसता पास झालात तर आठ गुण वाढतात आणि सरासरी ६.८ होते. "मी तर आर्टिस्ट, मला थिअरीशी काय करायचंय?" या वाक्याची किंमत ०.८ आहे, आणि वर राहिलेला पेपर पुढच्या सत्रात डोक्यावर.

डिझाइनमध्ये गुण मनावर दिले जातात, असा एक समज आहे. काही प्रमाणात मतभेद राहतातच. पण नीट चालणाऱ्या विभागात गुणांचे भाग केलेले असतात: विषयाचा अभ्यास, कल्पना, रफ स्केचेस, मांडणी, अक्षरांची निवड, फिनिशिंग, सादरीकरण आणि वेळेवर दिलं की नाही. असाइनमेंट मिळाली की विचारा, "सर, यात कशाला किती गुण?" हा प्रश्न उद्धटपणा नाही. आमच्याकडे काम सुरू करण्याआधी ते पूर्ण झालं हे कशावरून ठरवायचं, ते लिहून घेतलं जातं. तुम्हीही घ्या.

त्या यादीत रफला वेगळे गुण असतात, याकडे लक्ष द्या. आपली मुलं इथे मार खातात, कारण दुकानात रफ कुणी मागत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, एक डिझाइन काढायचं, छापायचं, मोकळं. कॉलेजात वीस छोटे रफ, त्यातले तीन पुढे नेलेले आणि एक पूर्ण, असा प्रवास बघतात. पोर्टफोलिओ बघताना मीही तेच शोधतो. सुंदर पोस्टर इंटरनेटवर रोज हजार दिसतात. या मुलाने बाकी एकोणीस का सोडले, हे सांगता आलं तर मला कळतं की उद्या अडचण आली की तो विचार करेल.

मेहनतीचं एक उदाहरण सांगतो. उर्दू वर्तमानपत्रं एकेकाळी कातिबांच्या हाताने लिहिली जायची, कारण नस्तालीक लिपी यंत्रात बसत नव्हती. मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आणली. त्यासाठी हजारो अक्षरजोड एकेक करून रेखाटावे लागले. आपल्या देवनागरीत विंडोजवरचा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा. ते जे. जे. मध्ये आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये शिकवत. ही कामं एका रात्रीच्या जोशात होणारी नव्हेत. ती रोज ठरलेल्या वेळी टेबलाशी बसणाऱ्या माणसांकडूनच होतात.

शेवटचा भाग वर्तनाचा. पहिली गोष्ट, टीका ऐकणं. ज्युरीत किंवा वर्गात तुमचं काम भिंतीवर लागेल आणि लोक बोलतील. आमच्याकडे याला कोड रिव्ह्यू म्हणतात, रोज होतो. चर्चा कामाबद्दल असते, माणसाबद्दल नाही. ऐका, लिहून घ्या, लगेच बचाव करू नका. दुसऱ्याच्या कामावर बोलताना "छान आहे" किंवा "जमलं नाही" एवढ्यावर थांबू नका; काय वाचता येत नाही, नजर कुठे अडकते, ते सांगा.

दुसरी गोष्ट, उचलेगिरी. इंटरनेटवरचं चित्र तिथे दिसतं म्हणून फुकट होत नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि चित्रावरचा हक्क साधारणपणे कलाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. संदर्भ म्हणून काही वापरलं तर नाव द्या. एआयने बनवलेलं काही वापरायची परवानगी आहे का ते विचारा, आणि वापरलं तर सांगा. कामाची लेयरसकट मूळ फाइल आणि तारखा टाकलेले रफ जपून ठेवा. शंका आली तर तोच तुमचा पुरावा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरण्यापेक्षा इंकस्केप, क्रिता, ब्लेंडर वापरा, ती अधिकृतपणे मोफत आहेत. मराठीसाठी मुंबईच्याच एक टाइपने केलेला मुक्ता फॉन्ट खुल्या परवान्यावर आहे. ही सुद्धा अमानत आहे असं समजा.

तिसरी गोष्ट, जे पटत नाही ते वेळेवर बोला. मानवाकृतीच्या अभ्यासाबद्दल कुणाच्या मनात संकोच असेल, तर अभ्यासक्रम प्रवेशाआधी वाचा आणि पहिल्या आठवड्यात शिक्षकांशी बोला. सबमिशनच्या दिवशी काढलेली अडचण कुणालाही सबबच वाटते.

आणि वर्तनाचे नियम दोन्ही बाजूंना लागू आहेत. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्ट म्हटलं आहे की धर्म, जात, भाषा, राहण्याची जागा किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून विद्यार्थ्याला केलेला शारीरिक वा मानसिक त्रासही रॅगिंगच आहे. तुमच्या नावावरून, हिजाबवरून, तुम्ही भिवंडीहून येता की मुंब्र्याहून यावरून कुणी छळत असेल तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि तक्रार करा. गुणांबद्दल तक्रार असेल तर आधी शिक्षकांकडे गुणांचे भाग मागा. तिथे उत्तर मिळालं नाही तर २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्याकडे लेखी जा. पण कमी गुण मिळाले की लगेच भेदभाव झाला असं म्हणू नका. आधी कागद बघा. कारण खरा भेदभाव होईल त्या दिवशी तुमचा शब्द वजनदार राहिला पाहिजे. ज्याची हजेरी पूर्ण आहे, रफ जागेवर आहेत, सबमिशन वेळेवर आहे, त्याची तक्रार कुणाला सहज बाजूला सारता येत नाही.

या आठवड्यात तीन कामं करा. अभ्यासक्रमाची प्रत मिळवून प्रत्येक विषयाचे क्रेडिट लिहा. वेळापत्रकावर शुक्रवार आणि दुकानाचे तास खूण करून ७५ टक्क्यांचा हिशेब मांडा. आणि पहिल्या असाइनमेंटचे गुण कशाकशाला आहेत ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. काही अडलं तर आत्ता थांबा, बसून एकेकाचं वेळापत्रक बघू.