कोबी माझ्यापुढे, कोंबडी तिकडे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



निवेदकांनी माझी ओळख 'जपानला राहून आलेली' अशी करून दिली आणि मागच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, "सुशी खाल्लीस का गं?" तो आवाज कोणाचा हे इतक्या वर्षांनंतरही न वळता कळलं. सुशी राहू दे. मला आज कोंबडीबद्दल बोलायचंय. आमच्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असायचा हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी जरा पाणी पिऊन घ्या.

२०१४ च्या हिवाळ्यात कंपनीच्या कामासाठी मी चार महिने ओसाकाला होते. तिथे कार्यालयात दिवसभर कोणी मोठ्याने बोलत नाही. मला वाटायचं, ही माणसं हसतात कधी? ते एका शुक्रवारी संध्याकाळी कळलं. सगळा गट मला 'तोरिकिझोकू' नावाच्या ठिकाणी घेऊन गेला. तोरि म्हणजे पक्षी, म्हणजे इथे कोंबडी, आणि किझोकू म्हणजे उमराव. नाव उमरावाचं, पण खिसा विद्यार्थ्यांचा! १९८५ साली ओसाकाशेजारच्या हिगाशी-ओसाका शहरात पहिलं दुकान निघालं आणि मग देशभर पसरलं. खाण्यापिण्याच्या प्रत्येक गोष्टीला एकच भाव. मी गेले तेव्हा तो २८० येन अधिक कर असा होता, म्हणजे आपले साधारण दीडशे-एकशे साठ रुपये. २०१७ मध्ये तो २९८ झाला, तर त्याचीसुद्धा तिकडे बातमी झाली.

दार उघडलं की आतले सगळे कामगार एका सुरात "इराश्शाइमासे!" असं ओरडतात. आपल्या शाळेत सर वर्गात आल्यावर आपण "नमस्ते" म्हणायचो ना, अगदी तसं. आत अरुंद टेबलं, कोपराला कोपर, बिअरचे मोठे ग्लास, आणि दिवसभर गप्प असलेले माझे सहकारी लाल चेहऱ्याने एकमेकांच्या पाठीवर थापा मारताहेत.

यकितोरी म्हणजे बांबूच्या काडीवर ओवून भाजलेले कोंबडीचे तुकडे. पण 'तुकडे' म्हणून भागत नाही. मांडी वेगळी, पंख वेगळा, नुसती कातडी वेगळी, काळीज, हृदय, दाणे दळायची ती कडक पिशवी, कुरकुरीत कूर्चा, शेपटीकडचा चरबीचा भाग, आणि खिम्याचे गोळे म्हणजे 'त्सुकुने'. प्रत्येकाची काडी निराळी. मग विचारतात, शिओ की तारे? शिओ म्हणजे नुसतं मीठ. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन आणि साखर यांचा चकचकीत रस. महागड्या दुकानांत बिंचोतान नावाच्या टणक पांढरट कोळशावर भाजतात. इथे तो थाट नाही, पण काड्या मात्र प्रत्येक दुकानात हातानेच ओवतात. एका बशीत दोन काड्या येतात. खाऊन झालं की रिकाम्या काड्या टेबलावरच्या उभ्या डब्यात टाकायच्या.

आता मूळ गोष्ट. मी मांस खात नाही हे गटप्रमुखांना त्या टेबलावर बसल्यावर कळलं. ते इतके ओशाळले की मलाच कसंतरी झालं. "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत त्यांनी मला टेबलाच्या टोकाला, वारा येईल अशा जागी बसवलं. कोंबडीच्या सगळ्या बशा दुसऱ्या टोकाला सरकवल्या. माझ्यापुढे चिरलेल्या कोबीचा वाडगा ठेवला. हा कोबी एकदा मागवला की पुन्हा हवा तितका फुकट मिळतो. बरोबर मिठातल्या सोयाबीनच्या शेंगा. मधली जागा रिकामी. हास्यविनोद त्या टोकाला, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी माझ्याकडे बघून काळजीने विचारायचं, "वास येत नाही ना?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तो प्रश्न ऐकला आणि मला आपला आठवीचा वर्ग आठवला.

मधल्या सुट्टीत आम्ही पाचजणी डबे एकत्र करून खायचो. एके दिवशी एकीच्या डब्याला वास आला. मी तिला म्हणाले, "तू जरा पलीकडे बस ना, आमच्यात चालत नाही." ती काही बोलली नाही. डबा मिटला आणि खिडकीजवळच्या बाकावर गेली. दुसऱ्या दिवशीही तिथेच बसली. दहावीपर्यंत तिथेच बसत होती. मी तिला परत बोलावलं नाही. बाई, आपण कोणीच कधी त्याबद्दल बोललो नाही.

त्या रात्री ओसाकात मी दोन्ही हातांनी एक बशी मध्ये ओढली. मांडीच्या तुकड्यांच्या मधे मधे कांद्याच्या जाड पातीचे तुकडे ओवलेले होते. मनाशी म्हटलं, कांदाच आहे. पण काडीवर कांद्याच्या आधी कोंबडी येते, हे माझ्यातल्या इंजिनिअरच्या लक्षात आलं नव्हतं! सगळे बघत होते. खाल्ला तो तुकडा. मऊ होता, मिठाचा होता, आणि घास गिळायला मला बराच वेळ लागला. मग कांदा. गटप्रमुखांनी टाळी वाजवून आणखी दोन बशा मागवल्या, त्याही मधेच ठेवल्या. (तसंही मिसो सूप मी तीन आठवडे शाकाहारी समजून पीत होते. त्यात वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, हे मला त्याच रात्री कळलं.)

पुढे मी तिथे बऱ्याचदा गेले. त्सुकुने आवडायला लागलं. आईला हे अजून सांगितलेलं नाही. स्मरणिका घरी पोचेल तेव्हा कळेलच.

पण त्या मैत्रिणीला फोन करायला मला आणखी दहा वर्षं लागली. गेल्या वर्षी आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, तेव्हा तिचा नंबर मिळाला. दोन वेळा लावला आणि वाजायच्या आत कापला. तिसऱ्यांदा तिने उचलला. मी आठवीचं सगळं सांगितलं, सुकटीच्या वासाचं, बाकाचं. म्हटलं, "चुकलं गं माझं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सुकट नव्हती. अंड्याची पोळी होती. आणि त्या खिडकीत वारा छान यायचा, म्हणून बसायचे मी तिथे."

वाऱ्याचं मला खरं वाटत नाही. ती आज इथे आली आहे, नाव सांगणार नाही. जेवणाच्या मंडपात तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी रुमाल टाकून ठेवलाय, तेवढी जागा कोणी घेऊ नका.