कुंपण घालणाऱ्यांचा विमा : आधी कागद, मग खड्डा

(रायपूर येथे समता कॉलनीत झालेल्या कामगारांच्या सभेत रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस, कायद्याचा पंडित नाही. पण उमेदीची वर्षे गँगमध्ये काढली आणि अपघाताचा निरोप घरी पोहोचवण्याचे काम पुष्कळदा माझ्याच वाट्याला आले. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–बिलासपूर वंदे भारत सुरू झाली. ती आपल्या रायपूरवरून जाते. गाड्यांचा वेग वाढला की रुळांवर गुरे आलेली चालत नाहीत, म्हणून लाईनीच्या कडेने कुंपणाची कामे निघतात. ही कामे कंत्राटदाराकडे जातात. खड्डा खणणारा, खांब रोवणारा, वेल्डिंग करणारा मजूर त्याचा असतो. बाजूने गाडी जात असते आणि वर २५,००० व्होल्टची तार असते. लांब लोखंडी पट्टी नुसती उभी धरली, तरी घात होऊ शकतो.

अशा कंत्राटदाराला मुख्यतः तीन विमे लागतात. पहिला मजुरांच्या अपघाताचा. दुसरा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. म्हणजे वाटसरू जखमी झाला किंवा कुणाची भिंत पडली तर. तिसरा चालू काम आणि साहित्य यांचा. आपल्या दृष्टीने पहिला सर्वांत महत्त्वाचा, आणि काटकसर होते ती नेमकी तिथेच.

कामावरील अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हा कायदा १९२३ चा. त्या काळी केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला ना. म. जोशी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. जिथे ई.एस.आय. लागू आहे, तिथे हा लाभ त्या योजनेतून मिळतो. बाकी ठिकाणी भार मालकावर.

आता हिशेब पाहा. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. वेतन १५,००० धरले, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. छोट्या कंत्राटदाराच्या घरात एवढे पैसे कुठून असणार? म्हणूनच विमा. पैसे देण्याची जबाबदारी कायद्याने आली, पण पैसे हाती पडतील याची सोय विम्याने होते.

हप्ता ठरतो एकूण मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर. वर १८ टक्के जी.एस.टी. मग काही कंत्राटदार काय करतात? कामावर वीस माणसे आणि पॉलिसीत सहा! एका विधवा भगिनीला घेऊन मी अशाच एका प्रकरणात कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. तिचा नवरा सहांतला की चौदांतला, यावरच महिने गेले. हप्त्याचे काही हजार वाचले कंत्राटदाराचे, आणि चूल विझली तिची.

दुसरी पळवाट अशी की, मजुराच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणारी सुरक्षा विमा योजना दाखवायची आणि म्हणायचे, "विमा आहे ना!" ती योजना चांगली आहे. आपले टपाल खात्यातले बंधू बचत खातेदारांना ती समजावून सांगतात, त्यांनी ती जरूर सांगावी. पण तिचे दोन लाख हे मजुराने स्वतःच्या पैशाने घेतलेले संरक्षण आहे. मालकाचे पंधरा लाख त्यातून फिटत नाहीत.

कुणी विचारील, कंत्राटी माणसाशी आपला काय संबंध? मजूर कंत्राटदाराचा असला, तरी काम ज्याचे, त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते. मुख्य मालकाने ती मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. रेल्वेच्या कंत्राटाच्या सर्वसाधारण अटींतही ही वसुली लिहिलेली आहे. आणि खरे सांगायचे, तर आपल्याच घरातली पोरे आज त्या खड्ड्यांवर आहेत.

म्हणून पहिला खड्डा खणण्याआधी कागद मागा. पॉलिसी कुणाच्या नावे आहे? मुदत काम संपेपर्यंत आहे का? माणसे किती दाखवली आणि मजुरी किती? पोटकंत्राटदाराची माणसे त्यात आली का? दवाखान्याचा खर्च आणि भरपाईवरचे व्याज त्यात धरले आहे का? हजेरीपट आणि पॉलिसी शेजारी ठेवा. लबाडी तिथल्या तिथे उघडी पडेल.

अपघात झालाच, तर दोन वर्षांच्या आत दावा करा. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरी येऊन पन्नास हजार हातावर ठेवले आणि अंगठा घेतला, तर मालक सुटत नाही. महिनाभरात रक्कम दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

मित्रहो, गुरांचा जीव वाचावा आणि गाडी सुखरूप जावी म्हणून जो माणूस कुंपण घालतो, तो स्वतः उघड्यावर राहता कामा नये. उद्या आपापल्या सेक्शनमध्ये गेलात की एवढे एक काम करा. कंत्राटदाराला नमस्कार करा आणि म्हणा, "साहेब, पॉलिसी दाखवा." संघटनेची ताकद अशाच प्रश्नांतून उभी राहते.