कट जाड का बसतो?



पूलच्या टेबलावर समोरचा चेंडू सहज पॉकेटमध्ये घालणारी मुलं तिरक्या चेंडूपाशी आली की अडतात. चेंडू पॉकेट चुकवतो, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकवतो. खेळणारे म्हणतात, कट जाड बसला, म्हणजे चेंडू हवा तेवढा वळला नाही. चूक सारखी एकाच बाजूला होत असेल, तर तिला कारण असणारच.

पॉकेटपासून रंगीत चेंडूच्या मध्यातून मागे एक रेघ कल्पा. ती चेंडूच्या पाठीवर जिथे बाहेर पडते, तिथे पांढऱ्या चेंडूचा स्पर्श व्हायला हवा. इथवर सगळ्यांना पटतं. मग आपण पांढऱ्याचा मध्य त्याच बिंदूवर रोखतो, आणि तिथेच फसतो. पांढऱ्यालाही जाडी आहे. मध्य तिथे पोचण्याआधीच त्याची कड रंगीत चेंडूला लागते. तीस अंशांचा कट असा मारला, तर चेंडू जेमतेम साडेचौदा अंश वळतो. म्हणून स्पर्शाचा बिंदू रंगीत चेंडूच्या मध्यापासून जेवढा बाजूला दिसतो, त्याच्या दुप्पट बाजूला नेम धरायचा.

तीस अंशांना ही दुप्पट जागा बरोबर चेंडूच्या कडेवर येते. कड डोळ्यांना दिसते, म्हणून सराव याच कटापासून सुरू करावा. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये तर या अर्ध्या चेंडूच्या फटक्याला फार मान. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कोलकात्यात हौशी गटाचे जगज्जेते झाले, ते याच खेळात.

कॅरम खेळणाऱ्यांचा कटावर हात बसलेला असतो. पण तिथे स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा आणि इथे दोन्ही चेंडू सारखे, सुमारे 57 मिलिमीटरचे. तिथला अंदाज इथे जसाच्या तसा चालत नाही.

दुसरं कारण घर्षणाचं, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पांढरा घासून जाताना रंगीत चेंडूला आपल्या दिशेने किंचित ओढतो. म्हणजे ही चूकही जाड बाजूचीच! हळू फटक्यात ही ओढ वाढते, चेंडू मळलेले असले तर आणखी. मीटरभर अंतरावर एक अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. लांबच्या पॉकेटला तेवढंही भारी पडतं. तेव्हा हळू मारायचं असेल, तर नेम थोडा पातळ ठेवा. आणि खेळण्याआधी चेंडू पुसून घ्या, खरंच फरक पडतो.

रेघ उभं राहूनच ठरवावी, मग वाकावं. वाकल्यावर शंका आली तर क्यू सरकवू नका. सरळ उठा आणि पुन्हा पाहा. सरावात पॉकेटच्या रेघेत रंगीत चेंडूला मागून चिकटवून एक जादा चेंडू ठेवा, त्याची जागा नजरेत भरून घ्या आणि तो उचला. पांढरा तिथे पोचवायचा. तोच कट आधी हळू मारा, मग जोरात, आणि दोन्ही वेळा चेंडू पॉकेटच्या कोणत्या अंगाने गेला ते बघा.