इथला डराव, तिथला घुसखोर

मृगाचा पहिला दणका बसला की मोशी-चाकणकडच्या मोकळ्या प्लॉटांत पाणी साचतं आणि रात्रभर 'डराव डराव' चालतं. सकाळी पाहावं तर हळदीनं माखल्यासारखे पिवळेधमक बेडूक! 'हे कुठले परदेशी?' म्हणत काहीजण काठीसुद्धा उचलतात. अहो, तो आपलाच डराव बेडूक. विणीच्या दिवसांत नर पिवळा होतो, गळ्याच्या पिशव्या निळ्या होतात. थोड्याच दिवसांत रंग उतरतो.

अंदमानात मात्र हाच डराव घुसखोर ठरलाय. मुख्य भूमीवरून नेलेल्या मत्स्यबीजात मिसळून त्याची शेपटीवाली पिल्लं बेटांवर पोहोचली, असं संशोधक सांगतात. मोहंती आणि मीझी या संशोधकांनी ही पिल्लं तिथल्या बेडकांच्या पिल्लांसोबत ठेवून पाहिली. स्थानिकांपैकी एकही वाचलं नाही! कोंबडीची पिल्लंही हा गिळतो, अशी बेटवासीयांची तक्रार आहे.

एकदा पसरलेला बेडूक वेचून संपवणं जवळजवळ अशक्य. ऑस्ट्रेलियानं 1935 मध्ये उसातले भुंगेरे खायला केन टोड आणले, ते अजून निस्तरतंय. म्हणून अडवायचं ते वाटेतच. मत्स्यबीज सोडण्याआधी तपासायचं. आणि चाकणकरांनो, 2014 मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ आशियातले भेक सापडले, बहुधा जहाजी मालातून गेलेले. आपल्या गोदामांच्या दिव्याखाली किडे टिपणारा भेक त्यांचाच भाऊबंद. तेव्हा कंटेनर भरताना पॅलेटखाली डोकावा.

आपल्याकडे काळजी बाहेरच्या बेडकाची नाही, बाहेरच्या माशाची. डासांच्या अळ्या खायला सोडतात ते गप्पी आणि गॅम्बुझिया मूळचे अमेरिका खंडांतले. गॅम्बुझिया 1928 मध्ये भारतात आला. तो बेडकांची अंडी-पिल्लंही सोडत नाही. डबकं आटतं म्हणून त्यात मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणूनच डराव तिथं अंडी घालतो. तिथंच आपण हौसेनं मासे नेऊन टाकायचे, हा कुठला न्याय? डासांचा बंदोबस्त हवाच, पण हे मासे बंद हौदात, कारंज्याच्या टाकीत ठेवा. डबक्यात चतुरांच्या अळ्या डासांचा समाचार घेतातच. घरच्या काचपेटीतले नकोसे झालेले मासेही पवनेत किंवा इंद्रायणीत सोडू नका.

प्लॉटमालकांना एक विनंती. भराव टाकायचाच असेल, तर दिवाळीनंतर टाका. तोवर पिल्लांना पाय फुटून ती पाण्याबाहेर पडलेली असतात.