बोरघाटाची चढण आणि बर्कलेसाहेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



पुण्यामुंबईच्या गाडीत बसलेल्या मुलांना बोगदे मोजायला लावण्याची आपल्याकडे चालच आहे. कोणाचे वीस भरतात, कोणाचे अठ्ठावीस, आणि लोणावळ्याला चिक्की हातात पडली की तो वाद तिथेच मिटतो. हे बोगदे कोणी आखले, ते खोदताना काय काय घडले, हे मात्र मुलांना सांगावे तर आपल्यालाच ठाऊक नसते. म्हणून आज जेम्स जॉन बर्कले ह्या इंजिनियराची हकीकत सांगण्याचे मी योजले आहे. ती सांगताना एका बाईचीही हकीकत येईल. आणि खरे सांगायचे तर तिच्याचसाठी मी हा विषय घेतला.

बर्कलेसाहेबांचा जन्म 1819 सालचा, लंडनचा. रॉबर्ट स्टीफनसन ह्या नामांकित रेल्वे-इंजिनियराच्या हाताखाली ते तयार झाले. 1849 साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा, म्हणजे आपल्या जुन्या जी.आय.पी.चा, ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला आणि स्टीफनसनच्या शिफारशीवरून मुख्य इंजिनियराची जागा बर्कलेंना मिळाली. 1850 च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले तेव्हा त्यांचे वय होते अवघे तीस.

त्या करारातले एक कलम सांगितलेच पाहिजे. कंपनीच्या भांडवलावर शेकडा 5 टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. रेल्वे चालो न चालो, विलायतेतल्या भागीदाराला त्याचे व्याज पोचायचे, आणि तूट आलीच तर ती भरायची हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या पैशातून. जोखीम एकाची आणि नफा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार. बर्कलेसाहेबांचे गुण आपण मोकळ्या मनाने गाऊ, पण हा हिशोब बाजूला ठेवून नव्हे.

पहिली कुदळ 31 ऑक्टोबर 1850 रोजी शीवला पडली, आणि 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. ही कथा आपण सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. नाना शंकरशेटांचे नावही तिच्यात येते. मी तिथे रेंगाळत नाही. ते 21 मैल पुष्कळसे सपाटीचे होते. खरी परीक्षा पुढे सह्याद्रीत होती.

कर्जतच्या बाजूने वर पाहा. डोंगराची भिंत उभी आहे. माल्कमसाहेबांनी 1830 साली बोरघाटात गाडीरस्ता केला होता, पण बैल जो चढ चढतो तो इंजिनाला चढता येत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते. तेव्हा चढ लांबवायचा, डोंगराच्या सोंडेला बिलगून हळूहळू वर न्यायचा, हाच उपाय. बर्कले आणि त्यांचे मदतनीस ह्या कड्यांतून मोजणी करीत हिंडले आणि शेवटी जी वाट ठरली ती जवळजवळ 16 मैलांची, 1,831 फूट चढणारी. सर्वांत कठीण जागी 37 फूट पुढे गेले की 1 फूट वर. 25 बोगदे आणि 8 मोठे पूल. एके ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तिथे त्यांनी गाडी एका सपाट टोकाशी नेऊन उभी करायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूस लावायचे आणि उलट्या दिशेने पुढची चढण चढायची, अशी युक्ती केली. अरुंद जिन्याच्या चौकावर आपण माघारी वळतो ना, तसेच. हे रिव्हर्सिंग स्टेशन 1929 पर्यंत वापरात होते. पुढे नवे बोगदे पाडून मार्ग बदलला.

काम 1856 च्या जानेवारीत सुरू झाले. कंत्राट फेव्हिएल नावाच्या इंग्रजाचे होते. ठाण्यापर्यंतची वाट त्याच्याच कंपनीने बांधली होती. खडक काळा, कठीण. पहारीने हातानेच भोके पाडायची, दारू ठासायची, उडवायची. जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे माणसे वरून दोरांनी सोडीत आणि ती लोंबकळत सुरुंग खोदीत. पावसाचे चार महिने बहुतेक काम बंद. इकडे 1858 साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झालीसुद्धा, मधला घाट मात्र तसाच राहिला. उतारू खोपोलीस उतरत, पालखीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी घाट चढत, आणि वर दुसरी गाडी धरत. लेकुरवाळ्या बायकांचे काय झाले असेल ते आपणच कल्पावे.

1859 च्या आरंभी घाटात दंगल झाली. मजुरी थकली होती, पोटकंत्राटदारांकडून ती पुरती हाती पडत नव्हती, आणि मजूर गोऱ्या मुकादमांवर उठले. पुढच्याच वर्षी मजुरीच्या तंट्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला. फेव्हिएलने मार्चमध्ये काम सोडले. कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल ह्यांना मिळाले. ते पत्नी अ‍ॅलिस हिच्यासह इथे आले आणि काही दिवसांतच आजाराने वारले.

आता विचार करा. परका मुलूख, नवरा नुकताच गेलेला, हजारो माणसांचे काम अंगावर. पहिल्या बोटीने ती परत गेली असती तर कोणी नावे ठेवली नसती. अ‍ॅलिसबाईंनी कंत्राट सोडले नाही. घाटाची माहिती असलेल्या अ‍ॅडमसन आणि क्लाऊझर ह्या दोघांवर प्रत्यक्ष काम सोपवून त्यांनी ते पुढे चालविले. 1861 च्या जानेवारीत घाटात 42 हजारांवर माणसे राबत होती. एवढी वस्ती त्या वेळच्या कितीतरी गावांची नव्हती. त्यांत बायका आणि मुलेही होती. खडी आणि माती टोपल्यांनी वाहायची ती त्यांनीच. पटकीची साथ आली आणि शेकड्यांनी माणसे गेली. त्यांच्यापैकी कोणाचे नाव कोठे कोरलेले नाही.

बर्कलेसाहेब ह्या काळात दोन्ही घाटांचे काम पाहत होते, कारण इगतपुरीकडचा थळघाटही त्यांचाच. देशी कंत्राटदारांवर त्यांचा विश्वास होता. जमशेटजी दोराबजी ह्या पारशी गृहस्थांनी ह्याच रेल्वेची मोठमोठी कामे घेऊन तडीस नेली. 1860 साली लंडनच्या इंजिनियरांच्या संस्थेत बर्कलेंनी ह्या रेल्वेवर निबंध वाचला, त्याची वाहवा झाली. पण प्रकृती पार खालावली होती. 1861 मध्ये ते मायदेशी परतले आणि 25 ऑगस्ट 1862 रोजी वारले, बेचाळिसाव्या वर्षी. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांनी बोरघाटाची वाट उघडली तेव्हा ती आखणारा माणूस तिथे नव्हता. अ‍ॅलिसबाईंचे कंत्राट मात्र पुरे झाले होते.

सगळेच काम चोख होते असेही नाही. 1867 च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. रुळांवरच्या गस्तवाल्या मजुरांच्या वेळीच ध्यानात आले म्हणून गाडी थांबली. घाईत बांधलेल्या चुनेगच्चीची मग चौकशी झाली. साहेबांच्या स्तुतीचे ग्रंथ हे पान चटकन उलटतात, मजुरांच्या त्या डोळ्यांचा तर उल्लेखही नसतो.

बर्कलेंच्या नावाने मुंबई विद्यापीठात इंजिनियरिंगच्या पहिल्या विद्यार्थ्यासाठी बक्षीस ठेवण्यात आले. 1883 साली ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या एका म्हैसूरकडच्या गरीब विद्यार्थ्याने मिळविले. त्याचे नाव विश्वेश्वरय्या. आणि वीस वर्षांनी, 1903 साली, खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले ते त्यांनीच.