नव्या पत्रव्यवहाराचा मायना

समुद्रपूर या नावात समुद्र आहे, गावात मात्र तो नाही. वर्धा जिल्ह्याच्या पूर्व अंगास कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा हा तालुका आहे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या महामार्गाला चंद्रपूरची वाट जेथे फुटते, ते जाम याच तालुक्यातले. आणि बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे दूरदूरच्या भाविकांस ठाऊक असलेली गिरडची टेकडीही येथलीच. मांडगाव, कोरा, नंदोरी, गिरड अशा गावांतील मुलगा किंवा मुलगी दहावी उत्तीर्ण झाली, म्हणजे पुढचा मार्ग पूर्वी सरळ होता. गुणपत्रिका पिशवीत घालावी, वडिलांस बरोबर घ्यावे, समुद्रपूरचे किंवा हिंगणघाटचे कनिष्ठ महाविद्यालय गाठावे आणि खिडकीपलीकडील कारकुनास काय ते विचारावे. तो कारकून प्रसन्न असो की त्रासलेला असो, तो समोर असे. त्याचे उत्तर न समजल्यास पुन्हा विचारता येई.

सन २०२५ मध्ये ही खिडकी बदलली. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश तोपर्यंत मुंबई, पुणे, नाशिक, अमरावती, नागपूर अशा मोठ्या शहरांच्या क्षेत्रांपुरते होते. त्या वर्षापासून ते साऱ्या महाराष्ट्रास लागू झाले. आरंभीच संकेतस्थळ अडखळले व तारखा पुढे ढकलाव्या लागल्या, ही गोष्ट निराळी. विद्यार्थ्याने मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करावयाची, अर्जाचा पहिला भाग भरावयाचा, मग दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावयाचा आणि यादी लागण्याची वाट पाहावयाची. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे मुदतीत प्रवेश घेतलाच पाहिजे; न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणजे गुण मिळाले, जागाही मिळाली, पण निरोप वाचला गेला नाही, एवढ्या कारणाने मनासारखे महाविद्यालय हातचे जावे, अशी ही योजना आहे. योजना वाईट आहे असे म्हणावयाचे नाही. पंधरा वर्षांच्या मुलास पत्रव्यवहार येतो, हे तीत गृहीत धरलेले आहे, एवढाच मुद्दा.

हे गृहीत कितपत खरे? समजा, तालुक्याच्या एखाद्या गावी अशी एक मुलगी आहे. घरात मोबाइल एकच. तो वडिलांच्या खिशात असतो आणि वडील दिवसभर शेतावर. अर्ज भरावयास ती गावातील केंद्रावर जाते. केंद्रचालक भला मनुष्य आहे, कामाच्या घाईत आहे. ई-मेलचा पत्ता विचारल्यावर मुलगी गप्प राहते, तेव्हा तो स्वतःचाच पत्ता घालतो. मोबाइल क्रमांकही कधी कधी स्वतःचाच देतो, म्हणजे ओटीपी येण्याची खोळंबाखोळंब नको. अर्ज तर भरला जातो. पण ज्या दाराशी उत्तर यावयाचे ते दार मुलीच्या घराचे नाही. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळावरही हाच प्रकार. कागदपत्रातील एखाद्या उणिवेसाठी अर्ज परत येतो, तो दुरुस्तीची वाट पाहत पडून राहतो, आणि विद्यार्थ्यास वाटते की सरकार अजून विचार करीत आहे.

येथे एक विलक्षण विसंगती आहे. ओटीपी कोणासही सांगू नये, हा उपदेश बँका, पोलीस व वर्तमानपत्रे एका स्वराने करीत असतात आणि तो सर्वथैव योग्य आहे. परंतु खेड्यातील अर्ज भरण्याचा सारा व्यवहार मात्र तोच ओटीपी केंद्रचालकास मोठ्याने वाचून दाखविण्यावर चाललेला असतो. मुलाने कोणते वळण घ्यावे? ज्याला स्वतःचा अर्ज स्वतः भरता येतो, त्यालाच हा उपदेश पाळता येईल. इतरांस तो केवळ ऐकण्यापुरता आहे.

वास्तविक ही साधने विद्यार्थ्यांच्या हाती येऊन आता बराच काळ लोटला. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर तर रद्दच झाला, आणि जूनपासून घराघरांत मोबाइल हाच वर्ग झाला. झूम, गूगल मीट, दीक्षा हे शब्द खेड्यातील आजीबाईंच्याही तोंडी आले. पण ती साधने आली कशी? घर पेटल्यावर बादली हाती यावी, तशी. ती कशी धरावी हे कोणी शिकविले नाही. शिकविण्यास वेळच नव्हता, आणि कित्येक शिक्षकही ती त्याच आठवड्यात शिकत होते. जेथे मोबाइल पोहोचत नव्हता तेथे जुनी साधने धावून आली. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम नागपूर विभागातील मुलांसाठी प्रसारित होऊ लागला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. दोन्ही उपक्रम आदरास पात्र होत. तथापि ध्वनिक्षेपणाचा धर्मच असा की बोलणारा बोलतो आणि ऐकणारा ऐकतो. मधेच हात वर करून “गुरुजी, पुन्हा सांगा” असे रेडिओस म्हणता येत नाही.

या संबंधात ऑस्ट्रेलियातील एक जुनी हकीकत मननीय आहे. त्या खंडाच्या मध्यभागी ओसाड प्रदेशात एकेका कुरणावर एकेक कुटुंब राही, आणि शेजारी शेकडो मैलांवर. आल्फ्रेड ट्रेगर याने १९२९ च्या सुमारास पायाने चालविण्याचा बिनतारी संच तयार केला. त्याच्या योगाने या एकाकी घरांस उडत्या डॉक्टरास हाक मारता येऊ लागली. याच बिनतारीवर १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे मुलांसाठी ‘हवेतील शाळा’ उघडली. प्रारंभी पाठ एकतर्फी होते. शिक्षक बोलत, मुले ऐकत. पण लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखण्यात आला. ज्या मुलाने घरच्या माणसांखेरीज फारसे कोणाशी भाषण केले नव्हते, ते मूल आपल्या पाळीला शेकडो मैलांवरच्या बाईंना प्रश्न विचारू लागले. यंत्र पूर्वीही तेच होते. प्रश्नास जागा मिळाली तेव्हा त्या ध्वनिक्षेपणाचा वर्ग झाला.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आज जे यंत्र आहे, ते ट्रेगरच्या यंत्राहून सहस्रपट समर्थ आहे. परंतु त्याचा उपयोग बव्हंशी ऐकण्यापाहण्याकडेच होतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुजी सूचना टाकतात, आणि खाली साठ जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या साठांपैकी किती जणांस सूचना समजली, हे त्या हातांवरून कळावयास मार्ग नाही. एखादा धीट विद्यार्थी लिहितो, “सर, समजले नाही.” या वाक्यास गुरुजींनी काय उत्तर द्यावे? काय समजले नाही, कोठपर्यंत समजले होते, हे त्यात नाही. आता तोच विद्यार्थी असे लिहितो असे धरा: “सर, आज पूर्ण वर्ग पद्धतीच्या उदाहरणात क्ष-चा सहगुणक ६ होता. तिसऱ्या पायरीत दोन्ही बाजूंस ९ मिळविले, ते ९ कोठून आले?” या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे: ६ ची निमपट ३, आणि ३ चा वर्ग ९. पण मौज अशी की, असा प्रश्न नीट लिहू लागलेल्या मुलास पुष्कळदा लिहिता लिहिताच उत्तर सापडते, आणि प्रश्न पाठविण्याची गरजच उरत नाही.

ही विद्या नवी नाही. पूर्वीच्या शाळांतून पत्रलेखन शिकवीत, तेव्हा प्रथम मायना घोटून घेत. वडिलांस ‘तीर्थरूप’, परक्यास ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. त्यात पाल्हाळ होता हे खरे. परंतु आपण कोणाशी बोलत आहो आणि आपले त्याच्याशी नाते काय, याचा विचार केल्यावाचून लेखणी कागदावर टेकत नसे. ई-मेलमध्ये मायन्याची जागा ‘विषय’ या एका ओळीने घेतली आहे. ती ओळ कोरी ठेवणे म्हणजे पाकिटावर पत्ता लिहून आत कोणाचे पत्र आहे हे गुप्त ठेवण्यासारखे होय. “प्रवेशअर्जातील जन्मतारखेच्या दुरुस्तीबाबत” एवढे लिहिले की शंभर पत्रांच्या ढिगातून कारकुनाची दृष्टी त्यावर थांबते. मग खाली आपले पूर्ण नाव, इयत्ता, अर्जाचा क्रमांक. काय चुकले आहे ते दोन वाक्यांत. सोबत कोणता कागद जोडला त्याचे नाव. मोबाइलने काढलेला दाखल्याचा फोटो अंधारात, तिरपा, कडा कापलेला असा पाठविला, तर तो पाठवूनही न पाठविल्यासारखा.

मराठीच्या पाठ्यक्रमाने ही गरज ओळखली आहे. कुमारभारतीच्या पत्रलेखनात ई-मेलला अनुसरून नवा आराखडा आला. परीक्षेत विद्यार्थी दिनांक, प्रति, विषय असे सारे क्रमाने मांडतो आणि शेवटी ई-मेलचा पत्ताही लिहितो. पण कशावर? उत्तरपत्रिकेच्या कागदावर, पेनाने! पुस्तकातून पोहणे शिकविण्याचा हा प्रकार म्हणावा लागेल. त्या पत्रास पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या किती मुलांनी आयुष्यात एक तरी ई-मेल खरोखर पाठविले आहे, हे शिक्षकांनी वर्गात एकदा हात वर करावयास सांगून पाहावे. ज्या वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि हाताने केल्यावाचून शिकणे पुरे होत नाही हा विचार देशापुढे मांडला गेला, त्या जिल्ह्यात तरी हे कागदी ई-मेल अपुरे वाटावयास हवे.

लिपीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आमची मुले मराठी बोलतात, मराठीत विचार करतात, आणि मोबाइलवर मात्र ती मराठी रोमन अक्षरांत लिहितात. काल, काळ, कळ आणि कल हे चारही शब्द त्या लिपीत एकच वेष घालून येतात. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखावे. मित्रमंडळीत हे खपते. पण जेथे तारीख, नाव, आईचे नाव, गावाचे नाव अचूक लागते तेथे यातून घोटाळे होतात. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीस त्यात स्थान आहे, आणि आजच्या साध्या मोबाइलवरही मराठी कळफलक विनामूल्य मिळतो. बोललेले शब्द उमटविण्याची सोयही आहे, मात्र उमटलेले एकदा वाचून पाहावे लागते. आठवडाभर कंटाळा न करता देवनागरीत लिहिले की बोटांस वळण पडते.

शिष्टाचाराचे नियम फार नाहीत. रात्री अकरा वाजता शिक्षकास संदेश धाडू नये. एकट्याचा प्रश्न साऱ्या ग्रुपवर टाकू नये, आणि साऱ्यांच्या उपयोगाचे उत्तर एकट्याने दडवून ठेवू नये. आलेला मजकूर खरा की खोटा हे न पाहता पुढे ढकलणे हा तर विद्यार्थ्यांपेक्षा वडीलधाऱ्यांचाच दोष अधिक आहे. तेव्हा त्याविषयी मुलांस फार न बोललेले बरे.

नागपूर-पुण्याच्या सुशिक्षित घरांतील श्रोत्यांस हे सारे खेड्याचे गाऱ्हाणे वाटण्याचा संभव आहे. त्यांनी आपल्याच घराकडे पाहावे. मुलाच्या हाती स्वतंत्र मोबाइल असतो, घरी वायफाय असते, आणि अकरावीचा अर्ज मात्र वडील कचेरीतून भरतात; ई-मेल वडिलांचे, पासवर्ड वडिलांच्या लक्षात, पसंतीक्रमही बहुधा वडिलांचाच. समुद्रपूरच्या केंद्रचालकाने जे केले तेच येथे वडिलांनी केले. फरक इतकाच की येथे शुल्क पडले नाही. पुढे हा मुलगा वसतिगृहात जातो आणि प्राध्यापकास रजेची चार ओळींची विनंती लिहावयाची म्हटली की घरी फोन करतो. पालकांनी शेजारी बसावे, जरूर बसावे. पण बोटे मुलाची असावीत.

यासाठी मे महिन्याची वाट पाहू नये. दहावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुटीत किंवा फार तर जानेवारीत, मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावाने ई-मेलचे खाते उघडून द्यावे. तेरा वर्षे पुरी झालेल्या मुलास आपल्याकडे गूगलचे खाते स्वतः चालविता येते. पत्त्यात टोपणनाव किंवा नटाचे नाव नको, स्वतःचे नाव असावे. त्या खात्यातून शाळेस एक खरे पत्र जाऊ द्यावे, आणि वर्गशिक्षकांनी त्यास एका ओळीचे का होईना, उत्तर द्यावे. अर्जात द्यावयाचा मोबाइल क्रमांक घरातील असा निवडावा की जो रिचार्जवाचून बंद पडणार नाही. आणि तो वडिलांजवळ राहणार असेल, तर शेतावरून परतल्यावर आलेले संदेश मुलीस दाखविण्याची वेळ ठरवून ठेवावी. खात्याचे नाव, पासवर्ड आणि अर्जाचा क्रमांक एका वहीत लिहावा, आणि ती वही घरात जेथे शिधापत्रिका व शेताचा सातबारा ठेवलेला असतो तेथेच ठेवावी.